डाळिंबाचा फळपीक विमा: सोलापूरच्या लहान बागायतदाराने घ्यावा का?

सोलापूर जिल्ह्यात एक-दोन एकरांवर डाळिंब धरणाऱ्या शेतकऱ्याला छाटणी, पानगळ आणि पहिल्या पाण्याच्या धांदलीतच आणखी एक निर्णय घ्यावा लागतो, तो म्हणजे या बहाराचा विमा उतरवायचा की नाही. पुनर्रचित हवामान आधारित फळपीक विमा योजना हे या योजनेचे सरकारी नाव. गावात तिला नुसता ‘फळपीक विमा’ म्हणतात. मोहोळ तालुक्यात आमची भगवा जातीच्या डाळिंबाची सव्वा एकर बाग आहे आणि बांधाला सीताफळाची काही झाडे आहेत. आमचा आणि भावकीतल्या काही घरांचा विम्याचा अर्ज बऱ्याच हंगामांपासून मीच भरत आलो आहे. त्या अनुभवावरून आणि योजनेच्या अटी बारकाईने वाचून हे परीक्षण लिहीत आहे. खत, औषध किंवा ठिबकची नळी घेताना आपण जितक्या चिकित्सेने विचारपूस करतो, तितकी विम्याच्या बाबतीत करत नाही, आणि भरपाई आली नाही की मग सगळा राग काढतो. या विम्यात नेमके काय विकत मिळते आणि काय मिळत नाही हे हप्ता भरण्यापूर्वीच कळले पाहिजे, एवढ्यासाठी हा खटाटोप.

माझे मत आधीच सांगतो. आंबिया बहार, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये कळी लागणारा हंगाम, धरणाऱ्या लहान शेतकऱ्याने हा विमा घ्यावा. मात्र त्यातून आपल्या बागेचे संरक्षण झाले असे मानू नये. या विम्यात संरक्षण असते ते महसूल मंडळाच्या (अनेक गावांच्या गटाच्या) हवामान केंद्रावर नोंदल्या जाणाऱ्या पावसाला आणि तापमानाला. झाडाला, फळाला आणि भावाला त्यात जागा नाही, आणि लहान बागायतदार मोडतो तो बहुधा याच तीन ठिकाणी.

पैशांचा हिशेब सोपा आहे. गेल्या काही हंगामांत डाळिंबासाठी हेक्टरी १,६०,००० रुपये विमा संरक्षित रक्कम धरली जात आहे. त्याआधी ती १,३०,००० रुपये होती. शेतकऱ्याचा वाटा सर्वसाधारणपणे या रकमेच्या ५ टक्के, म्हणजे हेक्टरी ८,००० रुपये असतो आणि बाकीचा हप्ता केंद्र व राज्य शासन भरते. एकराच्या मापात सांगायचे तर साधारण ३,२०० रुपये भरून ६४,००० रुपयांचे संरक्षण मिळते. एखाद्या जिल्ह्यात विमा कंपनीने मागितलेला दर ३५ टक्क्यांच्या वर गेला, तर त्या वाढीव भाराचा निम्मा हिस्सा शेतकऱ्याच्या माथी येतो, त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी आपल्या जिल्ह्याचा त्या हंगामाचा दर पाहूनच घ्यावा. आता खर्चाकडे पाहू. शेणखत, छाटणी, पानगळीसाठी इथ्रेलची फवारणी, विद्राव्य खते, बहारभर चालणाऱ्या बुरशीनाशक-कीटकनाशकांच्या फवारण्या, फळांना आधार द्यायला तारा-बांबू आणि मजुरी धरली, तर एका एकराच्या बहाराला लाख-दीड लाख रुपये सहज लागतात. म्हणजे पूर्ण भरपाई मिळाली तरी घातलेला पैसा भरून येत नाही, आणि पूर्ण भरपाईचा प्रसंग क्वचितच येतो. पण तीन हजारांच्या हप्त्यावर पुढच्या बहाराच्या खता-औषधाची तरतूद होण्याची शक्यता मिळते आणि सावकाराच्या दारात जाण्याची वेळ टळते. हप्त्याचे मोल मी एवढेच धरतो, आणि तेवढे ते नक्की आहे.

खरीप पिकांचा विमा २०२३ पासून दोन वर्षे एक रुपयात मिळत होता, त्यामुळे फळपीक विम्याबद्दल आजही गैरसमज आढळतो. फळबागांना एक रुपयाची सवलत कधीच नव्हती. तसेच कर्जदार शेतकऱ्याला विमा सक्तीचा आहे ही समजूतही २०२० नंतर चुकीची ठरली आहे. बँकेला मुदतीत लेखी कळवले तर कर्जदाराचाही हप्ता कापला जात नाही. हे माहीत नसल्याने हप्ता बँकेतून परस्पर कापला गेला आणि त्याच बागेचा अर्ज पुन्हा सेवा केंद्रातूनही भरला गेला, असे घोटाळे होतात.

आता विमा चालतो कसा ते पाहू, कारण नाराजीचे मूळ तिथे आहे. खरिपाच्या विम्यात पीक कापणी प्रयोगातून उत्पादन मोजले जाते. फळपीक विम्यात उत्पादन मोजतच नाहीत. प्रत्येक महसूल मंडळात एक संदर्भ हवामान केंद्र असते, त्यावर पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वाऱ्याचा वेग आपोआप नोंदला जातो. आंबिया बहाराच्या डाळिंबासाठी अवेळी पाऊस, जास्त तापमान आणि बहाराच्या शेवटच्या टप्प्यातला जादा पाऊस हे धोके ठरवलेले असतात. ठरलेल्या तारखांच्या आत, ठरलेल्या मर्यादेपलीकडची नोंद झाली की त्या मंडळातल्या सगळ्या विमाधारकांना हेक्टरी ठरलेली रक्कम मिळते. शेतकऱ्याने दावा करावा लागत नाही, पंचनामा लागत नाही, कोणाच्या सहीसाठी हेलपाटे घालावे लागत नाहीत. ही या योजनेची फार मोठी जमेची बाजू आहे आणि ती मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. ज्याच्याकडे ना वशिला आहे ना तालुक्याला चकरा मारायला वेळ, अशा माणसाच्या खात्यावर रक्कम थेट जमा होते.

अडचण अंतराची आहे. एका मंडळात अनेक गावे येतात आणि आमच्या भागातला वळवाचा पाऊस तर एका बांधावर झोडपतो आणि पलीकडच्या शिवाराला कोरडा ठेवतो. आमच्या मंडळाचे केंद्र आमच्या बागेपासून काही किलोमीटरवर आहे. तारेच्या जाळीच्या कुंपणात उभा केलेला एक लोखंडी खांब, त्यावर सौर पट्टी, वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या फिरत्या वाट्या, तापमानमापकावर थराथराचे पांढरे आवरण आणि बाजूला पावसाचे पाणी झेलणारे नरसाळे, एवढेच ते दिसते. मी ते मुद्दाम जाऊन पाहिले, कारण आमच्या शंभर-दीडशे लोकांच्या हप्त्याचे भवितव्य त्या नरसाळ्याच्या घेरात पडणाऱ्या पाण्यावर ठरते. कुंपणाला लागून एक बाभूळ वाढली होती आणि आत गुडघाभर गवत होते. मोजमापाच्या जागेभोवती मोकळी जमीन असावी हा साधा नियम आहे. तो पाळला न गेल्यास किती फरक पडतो हे हवामानशास्त्रज्ञ सांगतील, परंतु ज्या यंत्रावर सगळा व्यवहार उभा आहे त्याची निगा एवढ्या दुर्लक्षाने ठेवली जात असेल तर शेतकऱ्याच्या मनात शंका येणारच.

बागेच्या बाजूने पाहिले तर या अंतराचा अर्थ असा. आंबिया बहारात फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडाला कळी लागते आणि सेटिंग (फळधारणा) सुरू असते. त्या दिवसांत अर्धा तास जोराचा पाऊस झाला आणि पुढे दोन दिवस ढगाळ राहिले, की फळ धरणारी मादी कळीसुद्धा देठाकडून पिवळी पडून गळू लागते. सकाळी बागेत गेल्यावर झाडाखाली लाल-केशरी सडा दिसतो, आणि पहिल्या सेटिंगचे फळ, ज्याला पुढे वजन येते आणि भाव मिळतो, ते तिथेच संपलेले असते. दुसऱ्या सेटिंगची फळे धरली तर माल उशिरा येतो, आकार कमी राहतो. हे नुकसान लाखात असते. पण पाऊस आमच्या शिवारात पडला आणि केंद्रावर नुसता शिडकावा नोंदला गेला, तर योजनेच्या हिशेबी काहीच घडलेले नसते. उलटही होते: केंद्रावर मुसळधार नोंद होते, आपल्या बागेत थेंब पडत नाही आणि खात्यावर पैसे जमा होतात. आमच्या घरी दोन्ही प्रकार अनुभवले आहेत. बऱ्याच वर्षांची बेरीज केली तर कदाचित फिटंफाट होत असेल, पण लहान शेतकऱ्याला सरासरीवर जगता येत नाही. एक बहार हातचा गेला की मुलीची फी, सोसायटीचे हप्ते आणि कृषी सेवा केंद्राची उधारी त्याच वर्षी अंगावर येते.

गारपिटीचे संरक्षण या विम्यात वेगळे आणि ऐच्छिक आहे, त्याचा हप्ताही निराळा भरावा लागतो. यात मात्र वैयक्तिक नुकसान पाहिले जाते: गारपीट झाल्यापासून ७२ तासांच्या आत विमा कंपनीला, कृषी विभागाला किंवा बँकेला कळवावे लागते आणि मग प्रतिनिधी येऊन पाहणी करतो. सोलापूर भागात फेब्रुवारी ते एप्रिलमधली गारपीट नवी नाही, म्हणून मी हा भाग घ्यावा असेच सांगेन. पण इथे लहान शेतकऱ्याची कशी कोंडी होते ते आमच्या शेजारच्या बागेत पाहिले. गारांचा मार बसलेल्या डाळिंबावर त्या दिवशी फक्त बारीक चपटा ओरखडा दिसतो. तीन-चार दिवसांनी तो तपकिरी होतो, साल कडक पडते आणि फळ फुगू लागले की नेमके त्याच जागी तडकते. पडलेली आणि फुटलेली फळे बागेत ठेवली तर बुरशी आणि तेल्या (तेलकट डाग पाडणारा रोग) पसरतो, म्हणून ती लगेच वेचून बागेबाहेर खड्ड्यात पुरावीत असे सर्व शास्त्रज्ञ सांगतात, आणि त्या बागेच्या मालकांनी, आबांनी, तेच केले. पाहणीसाठी माणूस आला तो आठवडा उलटून गेल्यावर. त्याने विचारले, “आबा, पडलेली फळं कुठं आहेत?” आबा म्हणाले, “साहेब, ती तशीच ठेवली असती तर झाडावर उरलेलीबी गेली असती. खड्डा दाखवतो, या.” खड्डा उकरून पाहण्याची तरतूद त्याच्या अर्जात नव्हती. नुकसानीची टक्केवारी झाडावर राहिलेल्या फळांवरून लिहिली गेली आणि भरपाई त्याच हिशेबाने आली. कंपनीचे नाव इथे महत्त्वाचे नाही, कारण कंपन्या हंगामागणिक आणि जिल्ह्यागणिक बदलतात. पाहणीची पद्धत डाळिंबाच्या रोगव्यवस्थापनाशी सुसंगत नाही, हा खरा दोष आहे. फळे वेचण्यापूर्वी तारीख, वेळ आणि ठिकाण उमटणारी छायाचित्रे काढून ठेवली तर ती ग्राह्य धरली जावीत, एवढी साधी सुधारणा झाली तरी पुष्कळांचे भले होईल.

आता जे या विम्यात नाही त्याकडे वळतो, आणि इथे माझी तक्रार सर्वात तीव्र आहे.

योजना मृग (पावसाळ्याच्या सुरुवातीला धरला जाणारा) आणि आंबिया या दोनच बहारांना लागू आहे. सोलापूर, सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर भागात मात्र गेल्या काही वर्षांत हस्त बहाराकडे कल वाढला आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात पानगळ करून बहार धरला तर फळवाढीचा काळ कोरड्या हवेत जातो, तेल्याचा जोर कमी राहतो आणि फळ उन्हाळ्याच्या तोंडावर बाजारात येते, तेव्हा भावही बरा असतो. संशोधकही रोगाच्या दृष्टीने या बहाराची शिफारस करतात. म्हणजे शहाणपणाने बहार बदलणारा शेतकरी विम्याच्या कक्षेबाहेर पडतो, आणि जुन्या वेळापत्रकाला चिकटून राहणारा आत राहतो. शिवाय हस्त बहार धरण्याची वेळ परतीच्या पावसाशी गाठ घालते. १४ ऑक्टोबर २०२० रोजी जिल्ह्याला झोडपणारा पाऊस ज्यांनी पाहिला, त्यांना बहार यावा म्हणून पाणी तोडून ताणावर सोडलेल्या बागेत पाणी साचले म्हणजे काय होते हे सांगायला नको. ताण तुटतो, पानगळ नीट होत नाही, कळी पुढेमागे निघते. या बहारासाठी वेगळे धोके आणि वेगळ्या तारखा ठरवून संरक्षण दिले नाही, तर जिल्ह्यातल्या बऱ्याच बागा कागदावर विम्याला पात्र असूनही प्रत्यक्षात उघड्याच राहतील.

दुसरी गोष्ट झाडाची. विमा बहाराचा असतो, झाडाचा नसतो. चौदा बाय दहा फुटांवर लावलेल्या एकरात साधारण तीनशे झाडे बसतात. लावल्यापासून पहिला बहार हाती येईपर्यंत दोन-अडीच वर्षे नुसता खर्चच असतो. मर रोग मुळांतून शिरतो. एक फांदी पिवळी पडते, मग झाड उभ्याचे उभे वाळते, आणि पाण्याच्या ओळीने शेजारचे धरते. त्यात खोडात टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रे पाडणारा भुंगेरा आला की बुंध्याशी पिठासारखा भुसा दिसतो आणि तोवर उशीर झालेला असतो. २०२० आणि २०२१ च्या जादा पावसानंतर सांगोला तालुक्यात, जिथे डाळिंबावर घरे उभी राहिली, तिथेच मर आणि खोडकिडीमुळे बागा मुळासकट काढाव्या लागल्या. त्यातल्या कुणालाही झाडांपोटी विम्याचा रुपया मिळण्याची सोय नव्हती. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला महापूर आला, तेव्हा माढा, मोहोळ, करमाळा भागातल्या नदीकाठच्या शेतांची माती खरवडून गेली. अशा वेळी आधार उरतो तो शासकीय मदतीचा. आपत्ती निवारणाच्या केंद्रीय निकषांत बहुवार्षिक पिकांना हेक्टरी २२,५०० रुपये धरले आहेत, म्हणजे एकराला नऊ हजार. त्यात नव्या बागेचे खड्डे आणि रोपेसुद्धा होत नाहीत.

तेल्याबाबत थोडे न्यायाने बोलले पाहिजे. पानावर आणि फळावर तेलकट डाग येऊन पुढे फळ तडकवणारा हा जिवाणूजन्य रोग दमट हवेत आणि पावसाच्या उडणाऱ्या थेंबांतून पसरतो. त्यामुळे जादा पावसाला भरपाई देणे म्हणजे अप्रत्यक्षपणे रोगाच्या जोखमीला भरपाई देणे, असा योजनेमागचा विचार आहे आणि तो चुकीचा नाही. पण रोग एकदा बागेत मुरला की पुढच्या कोरड्या वर्षीही थोड्याशा ओलाव्यावर उफाळतो, आणि त्या वर्षी केंद्राच्या नोंदीत काहीच सापडत नाही. या बाबतीत आपल्या जिल्ह्याला एक आधार आहे, तो म्हणजे केगावचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र. २००५ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्राचे बहारनिहाय सल्ले मोफत मिळतात: बागेची स्वच्छता, बोर्डो मिश्रण, बुंध्याला लावायचा लेप, झाडाला द्यायची विश्रांती, सगळे त्यात असते. रोगाविरुद्ध लहान शेतकऱ्याने विम्यावर भिस्त न ठेवता हा सल्ला पाळावा आणि रोगमुक्त रोपांवर चार पैसे जास्त घालावेत, हे मी भावकीत सगळ्यांना सांगतो.

तिसरा मुद्दा भावाचा. आमच्यासारख्यांचा माल थोडा असतो. व्यापारी जागेवर सौदा करायला येतो तो मोठ्या बागेत, जिथे एका दिवसात गाडी भरते. आमच्या चाळीस-पन्नास कॅरेटसाठी तो वाट वाकडी करत नाही. मग तोडणी करून माल आडतीवर न्यावा लागतो, तिथे लिलावात मोठा दाणेदार माल वेगळा, मध्यम वेगळा, डागी वेगळा आणि गोटी (अगदी बारीक फळ) सर्वात शेवटी. हमाली, तोलाई, वाहतूक आणि कॅरेटचे भाडे वजा होऊन हातात जी पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती) पडते, तिच्यातले आकडे पाहून बहाराचा निकाल लागतो. आवक वाढली की एका आठवड्यात भाव निम्म्यावर येतो. या पडझडीला कोणताही फळपीक विमा लागू नाही, आणि कदाचित विम्याकडून ती अपेक्षा करणेही योग्य नाही. पण शेतकऱ्याला ‘विमा आहे ना’ असे म्हणून धीर देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की हवामान चांगले राहून माल भरघोस येणे हेच काही वर्षी त्याचे संकट असते.

इतर फळांचे चित्र थोडक्यात सांगतो. सीताफळ मृग बहारात विम्याला पात्र आहे, विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ७०,००० रुपये आणि झाड किमान तीन वर्षांचे हवे. बार्शी भागात सीताफळाच्या सलग बागा आहेत आणि कोरडवाहू शेतकऱ्याला हे फळ खरोखर मानवते. परंतु त्याचा मुख्य धोका असा की फळ तोडल्यावर तीन-चार दिवसांत पिकून मऊ पडते आणि तेवढ्यात गिऱ्हाईक मिळाले नाही तर टाकून द्यावे लागते. त्यावर उपाय गर काढून गोठवण्याच्या सोयीचा आहे, विम्याचा नाही. उजनीच्या पाण्यावर करमाळा, माढा भागात केळी वाढली आहे. तिथे कमी तापमान, जास्त तापमान आणि वेगाचा वारा हे धोके धरलेले असतात आणि हेक्टरी १,७०,००० रुपयांचे संरक्षण असते. घडाने वाकलेली केळी एका वादळात आडवी होते, त्यामुळे केळीवाल्याने विमा सोडूच नये. पपईला मात्र हेक्टरी ४०,००० रुपयेच धरले आहेत. पपईचा एकरी खर्च पाहता ही रक्कम फारच तोकडी आहे.

अर्जाची प्रक्रिया पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. सातबारा, आठ अ, आधार जोडलेले बँक खाते, शेतकरी ओळख क्रमांक, बागेत उभे राहून काढलेले ठिकाणाच्या नोंदीसह छायाचित्र आणि ई-पीक पाहणीतली नोंद एवढे लागते. डाळिंबासाठी आंबिया बहाराची मुदत १४ जानेवारी आणि मृगाची १४ जुलै अशी असते. शेवटच्या दोन दिवसांत संकेतस्थळ रडतखडत चालते, म्हणून डिसेंबर संपायच्या आत काम उरकावे. बाग किमान वीस गुंठे आणि झाडे किमान दोन वर्षांची हवीत. एका वर्षात एकाच बहाराचा विमा घेता येतो. सेवा केंद्रचालकाला प्रत्येक अर्जामागे विमा कंपनीकडून ४० रुपये मिळतात, त्यामुळे शेतकऱ्याने हप्त्याखेरीज काही द्यायचे नसते. तरीही एका ठिकाणी आमच्याकडून ‘सर्व्हर चार्ज’ म्हणून शंभर रुपये मागितले गेले. पावती द्या म्हटल्यावर मागणी मागे घेतली गेली. अडलेल्या वृद्ध शेतकऱ्याला हे सुचत नाही, आणि ती रक्कम लहान असली तरी मनाला फार लागते.

नसलेल्या बागांचे विमे काढल्याची प्रकरणे राज्यात उघडकीस आली, त्यानंतर तपासणी कडक झाली आहे. हे आवश्यकच होते, कारण खोट्या बागांमुळे हप्त्याचे दर चढतात आणि खऱ्या शेतकऱ्यावरचा भार वाढतो. त्याचा त्रास मात्र वीस-तीस गुंठेवाल्यांना होतो. सामाईक सातबारा, भावांत तोंडी वाटणी, एकाच गटात डाळिंब आणि ज्वारी अशा जमिनीत सातबाऱ्यावरचे क्षेत्र आणि प्रत्यक्ष बाग यांचा मेळ बसत नाही आणि अर्ज नाकारला जातो. ज्यांच्याकडे अशी जमीन आहे त्यांनी खरीप-रब्बीच्या ई-पीक पाहणीतच फळबागेचे क्षेत्र नेमके नोंदवून घ्यावे. नंतर दुरुस्ती फार जड जाते.

भरपाईच्या वेळेबद्दल समाधान नाही. जोखमीचा काळ संपून, नोंदी अंतिम होऊन, शासनाचा हिस्सा कंपनीकडे पोहोचून रक्कम खात्यावर येईपर्यंत पुढच्या बहाराचे शेणखतही टाकून झालेले असते. एका हंगामात तर आम्हाला आमच्या मंडळाला रक्कम मंजूर झाली आहे की नाही हेच महिनोन्‌महिने कोणी सांगू शकले नाही. मदत क्रमांकावर दर वेळी नवा तक्रार क्रमांक मिळत गेला. मंडळाच्या केंद्रावरच्या रोजच्या नोंदी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावल्या आणि त्याशेजारी त्या बहाराच्या मर्यादा व रक्कम ठळक लिहिली, तर प्रत्येक शेतकरी आपला हिशेब स्वतः मांडू शकेल. ग्रामपंचायत पातळीवर हवामान केंद्रे बसवण्याचे धोरण आता पुढे सरकत आहे. ते जितक्या लवकर आणि जितक्या नीट अमलात येईल, तितका हा विमा विश्वासार्ह होईल, कारण त्याच्या सर्वात मोठ्या दोषावर तोच उपाय आहे.

तूर्त माझी शिफारस अशी. आंबिया बहार धरणाऱ्याने मूळ विमा आणि गारपिटीचा भाग दोन्ही घ्यावे. मृग बहारवाल्याने पावसाचा खंड आणि शेवटच्या टप्प्यातला जास्त पाऊस या दोन्ही धोक्यांच्या तारखा आपल्या बहाराशी जुळतात का ते पाहून घ्यावा. हस्त बहारवाल्याने आंबियाच्या नावाखाली अर्ज भरण्याच्या फंदात पडू नये, तपासणीत तो बाद होतो आणि पुढच्या वर्षीही संशय राहतो. पावती, भरलेल्या अर्जाची प्रत आणि बागेची तारखेसह छायाचित्रे एका पिशवीत ठेवावीत, आणि कंपनीचा ७२ तासांत कळवायचा क्रमांक मोटारीच्या खोलीत स्टार्टरशेजारी भिंतीवर लिहून ठेवावा, म्हणजे गारा पडतील त्या संध्याकाळी घरातले कोणीही तो फिरवू शकेल.